युतीतला सोबती आणि स्वातंत्र्यवादी मतदार

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार उपाध्यक्षपदासाठी कोणाला जोडीला घेतो, यावरून मतदार त्याचा खरा कल जोखतात. भारतीय मतदाराला मतपत्रिकेवर अशी जोडी दिसत नसली तरी युती दिसते, आणि युतीतला सोबती जवळपास तेच सांगून जातो. व्यापारात आणि खासगी जीवनात सरकारने कमीत कमी ढवळाढवळ करावी असे मानणाऱ्या, म्हणजेच स्वातंत्र्यवादी, मतदाराच्या बाबतीत ही कसोटी अधिक कडक असते, कारण तो एका तत्त्वासाठी पक्षाकडे आलेला असतो. 2016 साली अमेरिकेच्या लिबर्टेरियन पक्षाने गॅरी जॉन्सन यांच्या जोडीला मॅसॅच्युसेट्सचे माजी रिपब्लिकन गव्हर्नर विल्यम वेल्ड यांना दिले आणि सुमारे 45 लाख मते मिळवली. पण प्रचाराच्या अखेरीस वेल्ड हिलरी क्लिंटन यांच्याविषयी जाहीरपणे चांगले बोलू लागले, तेव्हा पक्षाचे निष्ठावंत दुखावले.

आपल्याकडे महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यात, या स्वातंत्र्यवादी विचाराची मुळे कापसात आहेत. 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही, असा तिचा अर्थ होता. केंद्रावर गाडी लावायची, ग्रेडर ठरवील ती प्रत मान्य करायची आणि चुकाऱ्याची वाट पाहत बसायचे, हा अनुभव घेतलेल्या माणसाला बाजाराचे स्वातंत्र्य पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणूनच शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला येथे अनेकांच्या छातीवर दिसू लागला. 1990 साली संघटनेने जनता दलाची साथ धरली आणि तिचे पाच आमदार निवडून आले, त्यांत वर्धा जिल्ह्यातील सरोज काशीकर आणि वसंतराव बोंडे होते. जनता दलाचा पिंड समाजवादी असूनही मतदाराने हा सोबती पत्करला, कारण एकाधिकार चालवणाऱ्या राज्य सरकारचा तो विरोधक होता आणि तेवढे त्या घडीला पुरेसे होते.

पुढे खुल्या अर्थव्यवस्थेच्या प्रश्नावर वर्ध्याचेच शेतकरी नेते विजय जावंधिया जोशींपासून वेगळ्या वाटेने गेले, यावरून या मतदारात स्वातंत्र्य मागणारे आणि हमीचा भाव मागणारे असे दोन प्रवाह होते, हे उघड झाले. एकाधिकार सैल झाल्यावर दोघांना एकत्र ठेवणारा समान शत्रूही उरला नाही. जोशींनी 1994 साली स्थापन केलेल्या स्वतंत्र भारत पक्षाने 2004 साली भाजप-शिवसेनेशी हात मिळवला, त्यातून जोशी राज्यसभेत आणि वामनराव चटप राजुऱ्यातून विधानसभेत पोहोचले. परंतु भाजपची साथ न पटलेले संघटनेतले राजू शेट्टी बाहेर पडले, शिरोळमधून आमदार झाले आणि 2009 साली लोकसभेत गेले. जोशी मात्र सोबत्याला बांधले गेले नव्हते: मार्च 2010 मध्ये भाजपसह 186 सदस्यांनी महिला आरक्षण विधेयकाला मत दिले तेव्हा राज्यसभेत विरोधी मत एकट्या जोशींचे होते, पण दुरावलेला मतदार तोवर आपला दुसरा नेता निवडून मोकळा झाला होता.