दोन घरांचं एक वेळापत्रक
‘विभक्त, तरीही पालक’ : लेखांक सातवा

मुलगी आईबरोबर उज्जैनला राहत असेल आणि वडील बोरिवलीला, तर तिच्या ताब्याचा किंवा भेटीचा अर्ज वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात करून भागत नाही. १८९०चा ‘पालक आणि पाल्य कायदा’ आजही लागू आहे. त्याचं नववं कलम सांगतं, की मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या न्यायालयात जा. घटस्फोटाचा दावा वडिलांनी मुंबईत लावलेला असला, तरी पत्नी तो उज्जैनला वर्ग करून मागू शकते आणि अशा अर्जांत सर्वोच्च न्यायालयाने साधारणपणे पत्नीची सोय पाहिली आहे.

हा प्रसंग मराठी घरांना परका नाही. मराठेशाहीच्या काळापासून उज्जैन, इंदूर, देवास, ग्वाल्हेर इथे मराठी कुटुंबं आहेत आणि माळवा-महाराष्ट्र अशी लग्नं अजूनही जुळतात. ती मोडली की आई लेकराला घेऊन माहेरी जाते, वडील नोकरीच्या गावी उरतात. मधलं अंतर अवंतिका एक्सप्रेसने एका रात्रीचं आहे. संध्याकाळी मुंबईहून निघालं की सकाळी उज्जैन. पण पेशीला जाणारा बाप आणि मुलीला भेटायला जाणारा बाप एकाच गाडीतून गेले, तरी ते दोन वेगळे प्रवास असतात. पहिला जितक्या लवकर संपेल तितकं बरं. त्यासाठी असलेली वाट, म्हणजे मध्यस्थी, हा आजचा विषय.

१९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या नवव्या कलमाने न्यायाधीशांवर एक कर्तव्य टाकलं आहे. जिथे शक्य आहे तिथे आधी तडजोडीचा प्रयत्न करायचा. त्याच कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे आणि वकील लावणं हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही. न्यायालयाने परवानगी दिली तरच तो उभा राहतो. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नवरा-बायकोने स्वतः बोलावं असं ठिकाण होतं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं, की वैवाहिक वादात मध्यस्थीचा प्रयत्न सुरुवातीलाच झाला पाहिजे.

मध्य प्रदेशात या प्रयत्नाला ‘समझाइश’ म्हणतात. पोलिसांच्या परिवार परामर्श केंद्रात ती होते, कुटुंब न्यायालयात होते, नॅशनल लोक अदालतीच्या दिवशीही होते. लोक अदालतीनंतरच्या सकाळी वर्तमानपत्रांत एकमेकांना हार घालणाऱ्या जोडप्यांचे फोटो येतात. संसार खरोखर सावरला असेल तर त्याहून चांगलं काही नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. ही सगळी यंत्रणा एकच प्रश्न विचारते, ‘पुन्हा एकत्र राहणार का?’ दोघांनी नाही म्हटलं की मध्यस्थी असफल, असा शेरा बसतो आणि फाइल पुढे सरकते. खरं तर मुलाच्या दृष्टीने मध्यस्थाची गरज त्या ‘नाही’नंतरच सुरू होते. आई-बाप वेगळे राहणार हे पक्कं झालं. आता शाळेत कोण सोडणार, आजारपणात कोण रजा काढणार, सुट्टी कुणाकडे? हा दुसरा प्रश्न कुणी विचारत नसेल, तर वडिलांनी स्वतः विचारावा. न्यायाधीशांना अर्ज देऊन सांगता येतं, की संसार जोडण्याचा प्रयत्न संपला आहे, फक्त मुलाच्या व्यवस्थेसाठी आम्हाला मध्यस्थाकडे पाठवा.

मध्यस्थ निकाल देत नाही. तो सहसा प्रशिक्षित वकील किंवा न्यायाधीश असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीने त्यासाठी चाळीस तासांचं प्रशिक्षण ठरवलेलं आहे. आधी दोघांना एकत्र बसवतात, मग प्रत्येकाशी एकट्याने बोलतात. एकट्याने सांगितलेली गोष्ट तुमच्या परवानगीशिवाय समोरच्याला कळवली जात नाही. तडजोड झाली तर ती लेखी, सह्यांनिशी न्यायालयात जाते. झाली नाही तर ‘झाली नाही’ एवढंच कळवायचं, कोण काय म्हणालं, कुणी कोणता प्रस्ताव ठेवला हे लिहायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केलं. वडिलांसाठी ही मोठी मोकळीक आहे. ‘आठवडाभर मुलाला सांभाळणं मला नोकरीमुळे जमणार नाही’ हे खरं वाक्य भर कोर्टात बोलायला माणूस घाबरतो, कारण ते उद्या त्याच्याविरुद्ध वापरलं जाईल. मध्यस्थासमोर ते बोलता येतं आणि बहुतेक वेळा तिथूनच खरी बोलणी सुरू होतात. म्हणूनच खिशातला मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बसू नका. ज्या खोलीच्या गुप्ततेवर तुम्ही विसंबता, ती तुम्हीच मोडता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्या खोलीत वडिलांनी काय घेऊन जायचं? बहुतेक जण पत्नीबद्दलची फाइल घेऊन जातात : मेसेजचे प्रिंट, नातेवाइकांची निवेदनं, जुन्या भांडणांच्या तारखा. मुलाबद्दलचा एक कागदही त्यात नसतो. मुलाची शाळा किती वाजता सुटते, शिकवणी कोणत्या वारी, कोणतं औषध सोसत नाही, वर्गशिक्षिकेचं नाव काय, रात्री झोपताना त्याला काय लागतं, हे ज्या वडिलांना सांगता येतं, त्यांची मागणी मध्यस्थ वेगळ्या कानांनी ऐकतो. हे माहीत नसेल तर लाजू नये, मुलाच्या आईला विचारावं. तो प्रश्न विचारणं हीच सहपालकत्वाची सुरुवात असते.

त्यानंतर वेळापत्रक. २०२०च्या जानेवारीत न्या. दीपक गुप्ता यांच्या पीठाने राजस्थानातून आलेल्या एका प्रकरणात म्हटलं, की मुलाला आई आणि वडील दोघांच्याही मायेचा हक्क आहे आणि भेटीचा आदेश देताना न्यायालयांनी तिचं स्वरूप, पद्धत, तपशील नेमकेपणाने लिहावेत. आई-वडील वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील तर भेटीशिवाय संपर्काचा हक्क, म्हणजे फोन आणि व्हिडिओ कॉल, फार महत्त्वाचा आहे, असंही त्या निकालात आहे. उज्जैन आणि मुंबई वेगवेगळ्या राज्यांतच आहेत. ‘सोयीनुसार भेट’ असं लिहिलेला करार मला कोऱ्या कागदासारखा वाटतो, कारण दोघांची सोय एक असती तर इथवर वेळच आली नसती.

नेमकेपणा किती बारीक असावा, ते उज्जैनच्याच उदाहरणांवरून पाहू. समजा, करारात लिहिलं, ‘श्रावणी सोमवारी मुलगा वडिलांकडे’. कोणत्या श्रावणात? उज्जैनला महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. तिथला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. राखी आणि नागपंचमी दोन्हीकडे एकाच दिवशी येतात, पण सोमवार सगळे जुळत नाहीत. महाकालाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, तर दोन्ही गणनांचे सोमवार धरून निघते. दोन्ही घरं खरं बोलत असतील आणि तरी भांडण होईल. म्हणून करारात सण नव्हे, इंग्रजी तारखा लिहाव्यात आणि दरवर्षी नवं वर्ष लागण्याआधी त्या पुन्हा भराव्यात.

रविवारचंही तसंच. २०२५च्या श्रावणात उज्जैनच्या जिल्हाधिकाऱ्यांनी सवारीच्या गर्दीमुळे शाळांना सोमवारी सुट्टी दिली आणि त्याऐवजी रविवारी शाळा भरवायला सांगितलं. ज्या वडिलांच्या आदेशात ‘रविवारी अकरा ते पाच’ एवढंच असेल, त्यांची भेट अशा आठवड्यात बुडते आणि त्यात कुणाचाच दोष नसतो. करारात एक वाक्य जास्त घातलं की प्रश्न मिटतो : रविवारी शाळा असेल तर त्याच आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी भेट.

दिवाळीची सुट्टी तिथे महाराष्ट्रासारखी लांबलचक नसते. मुंबईच्या शाळेचा हिशेब डोक्यात धरून ‘निम्मी दिवाळी सुट्टी’ मागितली, तर हाती दोन-तीन दिवस येतात आणि त्यातले दोन प्रवासात जातात. त्यापेक्षा एक आड एक वर्ष पूर्ण दिवाळी घ्यावी आणि उन्हाळ्याची सुट्टी वाटून घ्यावी. २०२८च्या एप्रिल-मेमध्ये सिंहस्थ आहे. त्या उन्हाळ्यात उज्जैनमध्ये ये-जा करणं सोपं नसेल, तेव्हा मूल वडिलांकडे केव्हा न्यायचं हे आजच ठरवून ठेवलेलं बरं.

मूल आणायला-पोचवायला कोण जाणार, तिकिटाचा खर्च कुणाचा, किती वयापर्यंत सोबत हवीच, गाडी उशिरा आली तर कुणाला कळवायचं, हे सगळं लिहायचं. शाळेचा निकाल आणि पालकसभेची सूचना दोघांच्या फोनवर जावी असं शाळेला संयुक्त पत्र द्यायचं. मध्य प्रदेशात शाळाप्रवेशाला ‘समग्र आयडी’ मागतात आणि तो कुटुंबाच्या आयडीला जोडलेला असतो. मुलाचं नाव कोणत्या कुटुंबात ठेवायचं यावरून पुढे प्रवेश अडकू नये, म्हणून तेही करारात आणावं. आजी-आजोबांना विसरू नये. बापाचा ताबा गेला की आजीची नात जाते, आणि तिच्या भेटीची ओळ मात्र फार थोड्या करारांत असते.

पैशाबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. ‘भेटू देत नाही म्हणून पोटगी बंद’ आणि ‘पोटगी देत नाही म्हणून भेट बंद’ ही दोन्ही वाक्यं चूक आहेत. मुलाच्या जेवणाचा आणि मुलाच्या वडिलांचा हक्क एकमेकांना तारण ठेवता येत नाही. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र देणं सक्तीचं केलं. मध्यस्थीलाही तेच कागद घेऊन जा. आकडा लपवणारा बाप वेळापत्रकाबद्दल कितीही खरं बोलला, तरी त्याच्यावर विश्वास बसत नाही.

एक गोष्ट या विषयावर लिहिताना टाळली जाते, ती टाळणार नाही. ज्या घरात मारहाण झाली आहे, तिथे दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या म्हणून दोघं समान होत नाहीत. घाबरलेली बाई सही करते, तडजोड करत नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा तिला देऊ शकतात आणि भेट मुलाला घातक वाटली तर नाकारू शकतात. अशा वेळी वडिलांनी आधी स्वतःच्या वागण्याचं समुपदेशन घ्यावं आणि भेट देखरेखीखाली मान्य करावी. मुलापर्यंत पोचण्याचा त्याहून जवळचा रस्ता नाही.

दुसरीकडे असेही वडील आहेत, ज्यांचं मूल काही महिन्यांत बोलेनासं होतं. आईच्या घरी त्याच्या कानावर एकच बाजू पडत राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या एका निकालात या ‘दुरावा घडवण्या’ची दखल घेतली. मग मे २०२४ मध्ये इशाराही दिला, की हे लेबल सरसकट लावू नका, कोणतं वागणं दुरावा घडवतं ते दाखवा. हा इशारा मला योग्य वाटतो. मूल भेटायला नाही म्हणालं तर दर वेळी त्याला शिकवलेलंच असतं असं नाही. कधी क्रिकेटची मॅच असते, कधी कोर्टाच्या आवारातल्या भेटीच्या खोलीची भीती असते. भेटीची जागा बदलून पाहा. शिप्रा नदीकाठी किंवा एखाद्या बागेत भेटलेलं मूल वेगळं असतं.

‘बापाला कायदा काही देतच नाही’ ही समजूतही पुरती खरी नाही. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा ‘सामान्यतः’ आईकडे आहे. त्याच कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून पहिलं नाव वडिलांचं आहे. सोलापूरचे न्या. अजित प्रकाश शहा अध्यक्ष असताना विधी आयोगाने मे २०१५ मध्ये २५७वा अहवाल दिला. पालकत्वात आई-वडिलांना समान दर्जा द्यावा, संयुक्त ताब्याची तरतूद करावी, मध्यस्थीला कायद्यात जागा द्यावी, अशा त्यातल्या शिफारशी आहेत. संसदेने त्यावर कायदा केलेला नाही. तो व्हायला हवा. पण तोवर वाट पाहायची गरज नाही, कारण दोघांनी मिळून लिहिलेला पालकत्वाचा आराखडा न्यायालय आजही आदेशात घेऊ शकतं आणि मग तो दोघांना बांधील राहतो.

मदत कुठे मिळेल? प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या पुरुषालाही तिथे मोफत वकील मिळतो. देशभराचा दूरध्वनी १५१०० आहे. बाहेरगावच्या वडिलांनी मध्यस्थीच्या काही बैठका व्हिडिओवर घेण्याची विनंती जरूर करावी. पहिली मात्र समोरासमोर असावी असं माझं मत आहे. आणि रात्री झोप लागत नसेल, रिकाम्या घरात परतणं असह्य होत असेल, तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. पुरुष हा फोन फार उशिरा लावतात. खचलेल्या माणसाला मध्यस्थीच्या खोलीत नीट ऐकू येत नाही आणि मग तो कशालाही हो म्हणतो किंवा कशालाच म्हणत नाही.

शेवटी एक कायदेशीर मुद्दा. मुलाच्या ताब्याचा कोणताही आदेश अंतिम नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगितलं आहे. चार वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेलं वेळापत्रक दहाव्या वर्षी तिला पुरत नाही. म्हणून करारातच एक कलम घाला : दर दोन वर्षांनी, किंवा शाळा बदलेल तेव्हा, पुन्हा मध्यस्थाकडे बसू आणि कोर्टात जाण्याआधी बसू. मुलगी समजती झाली की त्या वेळी तिचंही म्हणणं विचारू.

पुढच्या आठवड्यात : एक पालक मुलाला घेऊन परदेशी गेला तर? भारताने आंतरराष्ट्रीय बाल-अपहरणाबद्दलच्या हेग करारावर सही केलेली नाही, त्याचे परिणाम.