हनुवटी पुढे आणायची? आधी दात मिटून पाहा

मैत्रिणींनो, घरातले लग्न पार पडले की आठवड्याभराने आपण सगळ्याजणी फोटो बघायला बसतो, नाही का? समोरून काढलेल्या फोटोंबद्दल कुणाची तक्रार नसते. पण अक्षता टाकताना कुणीतरी बाजूने टिपलेला एखादा फोटो निघतो आणि आपण मनातल्या मनात चरकतो. ‘अगबाई, मी अशी दिसते?’ नाक पुढे, ओठ पुढे, आणि हनुवटी असायची तिथून रेषा थेट गळ्यात उतरलेली! मग त्या फोटोतली पैठणी दिसत नाही की नथ दिसत नाही.

पूर्वी आल्बम कपाटात गेला की विषयही कपाटात जाई. आता फोन दिवसभर हातात. माहेरच्यांशी बोलायचे तेही चेहरा बघत, आणि कोपऱ्यात आपलाच चेहरा आपल्याला सारखा दिसत राहतो. अमेरिकेत २०११ साली हनुवटी पुढे आणण्याच्या शस्त्रक्रिया आदल्या वर्षापेक्षा ७१ टक्क्यांनी वाढल्या, असे तिथल्या प्लॅस्टिक सर्जनांच्या संघटनेने जाहीर केले, तेव्हा कारणांमध्ये या चेहरा दाखवणाऱ्या फोनचेही नाव होते. आपल्याकडेही आता ‘तासाभरात सुरेख हनुवटी’ अशा जाहिराती दिसतात.

मी या शस्त्रक्रियेच्या विरुद्ध नाही. दात वेडेवाकडे असले तर आपण मुलींना तारा लावतोच की! पण पैसे भरण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळालेच पाहिजे, आणि नेमका तोच प्रश्न बहुतेकजणी विचारत नाहीत. आखूड आहे ते काय? नुसती हनुवटी, की सबंध खालचा जबडा?

आमच्या शेजारच्या वहिनींचे सांगते. त्यांची मुलगी २३ वर्षांची, चांगली नोकरी करणारी. लग्नासाठी फोटो पाठवायला सुरुवात झाली आणि नात्यातल्या एका बाई सहज बोलून गेल्या, “पोरगी गोड आहे हो, पण हनुवटीत मार खाते.” झाले! वहिनींच्या डोक्यात ते वाक्य घर करून बसले. एका दवाखान्यात चौकशी केली. सिलिकॉनचा तुकडा बसवायचा, तासाभराचे काम, संध्याकाळी घरी. तुळशीच्या लग्नाआधीची तारीखसुद्धा ठरली. तेवढ्यात मुलीची दाढ दुखू लागली म्हणून तिला नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दाढ बघितली, मग तोंड मिटायला सांगितले आणि विचारले, “ही रात्री घोरते का?”

“अहो ताई, मी चाटच पडले,” वहिनी मला सांगत होत्या. “एवढीशी सडसडीत पोर, पण घोरते खरी. आम्ही सगळे तिला हसायचो. सकाळी उठली की दमलेलीच. आणि पोळी समोरच्या दातांनी कधी तोडता आली नाही तिला, बाजूने तोडते. ते इतकी वर्षं आमच्या लक्षातच आलं नाही.”

तिची हनुवटी नव्हे, सबंध खालचा जबडाच मागे राहिला होता. जबडा मागे असला की जीभही मागे राहते आणि झोपेत श्वासाची वाट अरुंद होते. घोरणे, मध्येच श्वास अडकणे, सकाळचा थकवा ही सारी त्याचीच पिले. अशा जबड्यावर सिलिकॉनचा तुकडा बसवला असता तर बाजूने फोटो छान आला असता. दात तसेच, श्वास तसाच! आणि पुढे कधी जबड्याचे खरे काम करायची वेळ आली, तर तो तुकडा आधी काढावा लागला असता.

तेव्हा आजच एक करून बघा. आरशासमोर उभे राहून मागच्या दाढा नेहमीसारख्या मिटा. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे असतील तर ते ठीक. मध्ये बोटाचे टोक मावेल एवढी जागा असेल तर प्रकरण जबड्याचे किंवा दातांचे असू शकते. मग ओठ मिटा. ओठ सहज टेकतात, की ते टेकवण्यासाठी हनुवटी आवळावी लागते? आवळताना तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा. असे काही आढळले तर पहिली भेट ऑर्थोडॉन्टिस्टची, म्हणजे दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टरांची. ते बाजूने एक्स-रे काढून मोजमाप करतात आणि काय आखूड आहे ते कागदावर दाखवतात.

मुलगी अकरा-बारा वर्षांची असेल तर तिची तपासणी लांबवू नका. वाढीच्या वयात तोंडात बसवायच्या काही उपकरणांनी शस्त्रक्रियेची गरज कमी होऊ शकते. ती वर्षे गेली की हा मार्ग बंद. लहानपणी मूल हनुवटीवर जोरात आपटले आणि पुढे तोंड कमी उघडू लागले, तर कानाजवळचा जबड्याचा सांधा दुखावलेला असू शकतो. त्या बाजूची वाढ खुंटते आणि हनुवटी मागे राहते. तो प्रश्न सौंदर्याचा नाहीच, त्याला ताबडतोब उपचार हवेत.

आता समजा, जबडा ठीक आहे, दात ठीक आहेत, हनुवटीच तेवढी बसकी आहे. मग तीन वाटा आहेत. पहिली सुईची. हायल्युरॉनिक आम्लाचे जेल त्वचेखाली भरतात. वर्ष-दीड वर्षात ते विरते, आणि पसंत पडले नाही तर औषध टोचून विरघळवताही येते. शस्त्रक्रियेआधीची रंगीत तालीम म्हणून काहीजणी हे करून बघतात, ते वाईट नाही. पण जेल चुकून रक्तवाहिनीत गेले तर तिथली त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीसुद्धा जाऊ शकते. म्हणून ब्यूटी पार्लरमध्ये, ‘ताई, आज ऑफर आहे’ म्हणून हे कधीही करून घेऊ नका. भुवया कोरणे वेगळे आणि हे वेगळे!

दुसरी वाट तुकडा बसवण्याची. ओठाच्या आतून किंवा हनुवटीखाली छेद घेऊन सिलिकॉनचा किंवा सच्छिद्र पॉलिएथिलीनचा तुकडा हाडावर ठेवतात. बाहेरून छेद घेतला तर बारीक वण राहतो, आतून घेतला तर वण दिसत नाही, पण तोंडातले जंतू जवळ असतात. तुकडा सरकू शकतो, पू होऊ शकतो, वर्षानुवर्षांनी त्याच्याखालचे हाड थोडे झिजू शकते. काढता येतो, हे खरे. पण काढल्यावर ताणलेली कातडी पुन्हा पहिल्यासारखी बसेलच असे नाही, ती लोंबू शकते. दवाखान्यात ‘काढता येतो’ एवढेच सांगतात, पुढचे आपण विचारावे लागते.

तिसरी वाट आपल्याच हाडाची. हनुवटीचे हाड कापून पुढे सरकवायचे आणि टायटॅनियमच्या पट्टीने, स्क्रूंनी बसवायचे. हे मोठे काम, पूर्ण भूल देऊनच होते. पण त्यात तुकडा घातलेला नसतो, आणि हनुवटी पुढे, वर, खाली, बाजूला अशी हवी तशी हलवता येते. वाकडी किंवा फार आखूड हनुवटी असेल तर सहसा हेच बरे.

दोन्ही शस्त्रक्रियांत एक धोका सारखाच. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातून उपदाढांच्या खाली बाहेर पडते. ती ताणली गेली की ओठ बधिर होतो. बहुतेकींचा काही आठवड्यांत, महिन्यांत पूर्ववत होतो. थोड्याजणींचा कायम तसाच राहतो. चहा ओठाला पोळतो की नाही ते कळत नाही, शीत चिकटले तरी समजत नाही. ‘चालेल का मला हे?’ असे स्वतःला विचारून मगच पुढे जा.

आणि भूल! ‘छोटेसेच तर ऑपरेशन’ असे आपण म्हणतो, पण भूल छोटी नसते. नवऱ्यांनी तरुण बायकांसाठी टाकून दिलेल्या मैत्रिणींवरची ‘द फर्स्ट वाइव्हज क्लब’ ही कादंबरी लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका ऑलिव्हिया गोल्डस्मिथ २००४ च्या जानेवारीत हनुवटीखालची सैल कातडी काढून घ्यायला गेल्या, भुलीतच बेशुद्धावस्थेत गेल्या आणि काही दिवसांनी वारल्या. घाबरवायला सांगत नाही. असे फार क्वचित घडते. पण भूल देणारे डॉक्टर कोण, ते पूर्ण वेळ तिथे असणार का, अडचण आली तर तिथे अतिदक्षता विभाग आहे का, हे विचारायला लाजू नका. शस्त्रक्रिया करणारे प्लॅस्टिक सर्जरीतले एम. सीएच. किंवा डी. एन. बी. असावेत, नाहीतर जबड्याच्या शस्त्रक्रियेतले एम. डी. एस. नुसत्या ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ या पाटीवर जाऊ नका. चांगले डॉक्टर पदवी विचारल्यावर रागावत नाहीत.

प्लॅस्टिक सर्जरी म्हटले की अजून पुष्कळांना वाटते की शरीरात प्लॅस्टिक घालतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणे, आकार देणे. आणि या विद्येचे एक पान आपल्या पुण्याचे आहे बरे का! इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजीचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते. १७९३ साली पुण्याकडच्या एका देशी वैद्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ती हकीकत चित्रासह १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आली. कावसजीला आरशात काय दिसत होते ते साऱ्या जगाला दिसत होते. आपल्या बाबतीत तसे असतेच असे नाही.

फोनचेच घ्या. २०२२ साली अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या डॉक्टरांनी ३० जणांचे फोटो मोजले. चेहऱ्यापासून १२ इंचांवर फोन धरून काढलेल्या फोटोत, दवाखान्याच्या कॅमेऱ्यातल्या फोटोपेक्षा, नाक सरासरी ६.४ टक्के लांब आणि हनुवटी १२ टक्के आखूड आली. म्हणजे हनुवटी आखूड करणारा फोनच! तेव्हा डॉक्टरांकडे जाण्याआधी कुणाला तरी पाच-सहा फुटांवरून, मान सरळ ठेवून, बाजूने फोटो काढायला सांगा. आणि तोही बघून दिवसरात्र हनुवटीचाच विचार येत असेल, लोकांत मिसळणे बंद झाले असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. अशा वेळी हनुवटी बदलूनही समाधान होत नाही, मग नाकाकडे लक्ष जाते.

कुणी सांगितले म्हणून हे चालले आहे, तेही तपासा. सासूबाई, नणंद, बघायला आलेली मंडळी, की तुम्ही स्वतः? मुलीचा निर्णय आईने घेऊ नये. वाढ पुरी झाल्यावर, अठरा वर्षांनंतर तिचे तिला ठरवू द्यावे. कायदाही हेच म्हणतो. आजारी बाई सज्ञान आणि निर्णय घ्यायला समर्थ असेल, तर तिच्याऐवजी आईने दिलेली संमती चालत नाही, आणि एका उपचाराची संमती दुसऱ्याला लागू होत नाही, जिवावर बेतले असेल तरच अपवाद. असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले आहे. नाकाची शस्त्रक्रिया चालू असताना ‘हनुवटीही करून टाकू का?’ असे बाहेर यजमानांना विचारले जाऊ नये, म्हणून हे लक्षात ठेवा. नाक आणि हनुवटी यांचा मेळ डॉक्टर बघतात ते योग्यच, पण ते बोलणे आधी व्हावे, तुमच्याशी व्हावे. कॉम्प्युटरवर दाखवलेला नवा चेहरा हाही अंदाज असतो, करार नव्हे.

डॉक्टरांपासून काही लपवू नका. मिश्री किंवा तंबाखूची सवय, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधे, सगळे सांगा. मिश्रीने जखम भरायला उशीर लागतो, ती काही आठवडे आधीपासून बंद हवी. केवळ दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही. जबड्याच्या दोषासाठी असेल तर विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

घरचीही तयारी लागते. पहिले आठ-दहा दिवस सूज, काळे-निळे डाग. पेज, मऊ भात, वरण, दुधात कुस्करलेली पोळी. चिवडा, भाकरी, पेरू नंतर. प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरायची, उशी उंच घ्यायची, सिलिंडर किंवा पाण्याची बादली उचलायची नाही. खरा आकार दिसायला काही महिने लागतात, म्हणून पुढच्या महिन्यातल्या मुंजीसाठी म्हणून घाई करू नका.

वहिनींच्या मुलीने दवाखान्याची तारीख रद्द केली. तिच्या दातांना सध्या तारा आहेत, आणि जबडा पुढे आणायचा की नाही हे ती वर्षभराने ठरवणार आहे. परवा तिला बघायला एक मंडळी आली होती. “तारा दिसतात म्हणून हसू नकोस हो,” असे वहिनींनी बजावले होते. ती हसली. आणि “तारा कधी निघणार?” असे मुलाच्या आईने विचारल्यावर घोरण्यापासून सगळे तिनेच सांगितले. वहिनी म्हणतात, “मी पोह्यांच्या बशीत तोंड खुपसून बसले होते!” तिकडून अजून निरोप यायचा आहे.