बाँडपटातला पाणीचोर

जेम्स बाँडच्या चित्रपटांची क्रमवारी कुणीही लावो, ‘क्वांटम ऑफ सोलेस’ तळाच्या आसपासच सापडतो. २००८ साली आलेला हा बाविसावा बाँडपट. डॅनियल क्रेगने पाच वेळा बाँड रंगवला, आणि त्या पाचांतही नावडता म्हणून बोट याच्याकडेच वळतं. आक्षेप ठरलेले आहेत. संकलन इतकं तुकड्यातुकड्यांचं की कोण कुणाला मारतंय ते कळत नाही, कथा अर्धीमुर्धी वाटते, आणि खलनायक अगदीच किरकोळ आहे. यातले पहिले दोन आक्षेप मला मान्य आहेत. तिसरा अजिबात मान्य नाही. तो का मान्य नाही, हे लंडन-न्यूयॉर्कच्या चित्रपटगृहात बसून उमगणार नाही. पूर्णा-नांदेड लोहमार्गावरच्या चुडाव्यात बसून चटकन उमगतं.

आधी त्या खलनायकाचा डाव पाहू. डॉमिनिक ग्रीन हा ‘ग्रीन प्लॅनेट’ नावाची संस्था चालवतो. देणग्या जमवतो, मेजवान्या देतो, पर्यावरण वाचवायची भाषणं करतो. आतून तो ‘क्वांटम’ या गुप्त टोळीचा माणूस आहे. बोलिव्हियातल्या मेद्रानो नावाच्या हटवलेल्या जनरलला तो पुन्हा सत्तेवर बसवणार आहे आणि बदल्यात मागतो काय, तर ओसाड वाळवंटाचा एक तुकडा. मेद्रानोला ही मागणी हास्यास्पद वाटते, कारण तिथे तेल नाही हे सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याला मात्र वाटतं की तेल असणारच. त्या आशेवर ते सत्तापालटाकडे डोळेझाक करायला तयार होतात. बाँड आणि त्याच्यासोबतची कॅमिल ही तरुणी विमानातून उडी मारून एका खचलेल्या विवरात पडतात, तेव्हा खरं काय ते दिसतं. ग्रीनने जमिनीखाली बांध घालून पाणी अडवलंय. वर गावं कोरडी पडतायत आणि खाली पाणी साठत चाललंय.

मग करारपत्र पुढे येतं. ग्रीन नव्या हुकूमशहाला शांतपणे सांगतो की देशाच्या साठ टक्क्यांहून अधिक पाण्याचा मालक आता तो आहे, यापुढे पाणी त्याच्याच कंपनीकडून घ्यावं लागेल आणि दर आजच्या दुप्पट असेल. जनरल चिडतो आणि तरीही सही करतो.

समीक्षकांना आणि बाँडच्या चाहत्यांना हे फार छोटं वाटलं. बाँडच्या खलनायकाने जग वेठीला धरावं अशी सवय लागलेली. ‘गोल्डफिंगर’मध्ये फोर्ट नॉक्सचं सोनं किरणोत्सारी करायचा बेत होता, ‘थंडरबॉल’मध्ये दोन अणुबॉम्ब पळवले होते, ‘मूनरेकर’मध्ये तर अवकाशातून विषारी वायू सोडून सगळी मानवजात संपवायची होती. त्यांच्या रांगेत हा माणूस म्हणजे पाणीपट्टी वाढवणारा कंत्राटदार! शिवाय दिसायलाही साधा. मात्यू अमाल्रिक या फ्रेंच नटाला चेहऱ्यावर काही विचित्र रंगभूषा हवी होती. दिग्दर्शक मार्क फॉर्स्टरने ती नाकारली. समाजात उजळ माथ्याने वावरणारा दुष्टपणा त्याला दाखवायचा होता. डोळ्यावर व्रण नाही, मांडीवर मांजर नाही, लोखंडी हात नाही. प्रेक्षक म्हणाले, हा कसला खलनायक?

ज्याच्या घरात नळ फिरवला की पाणी येतं, त्याला हा डाव छोटा वाटणं स्वाभाविक आहे. चुडावा ज्या पूर्णा तालुक्यात आहे, तिथे गोदावरी आहे, पूर्णा नदी आहे, येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचा पूर्णा प्रकल्प आहे. नकाशावर पाहणाऱ्याला वाटेल, इथे कसली टंचाई? पण पाऊस दोन वर्षं ओळीने हुकला की धरणाचा आकडा, कालव्याचं आवर्तन आणि बोअरची खोली याच गप्पा पारावर सुरू होतात. खाली काळा बसाल्ट आहे. या खडकाच्या पोटात तळी नसतात. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. त्यामुळे एका शेतात दोन इंच पाणी लागतं आणि बांधापलीकडच्या शेतात पाचशे फूट जाऊनही नुसता फुफाटा उडतो. पाणाड्या नारळ हातावर धरून फिरतो, मशीनवाला फुटावर पैसे लावतो आणि बोअर फेल गेला तरी मशीनचं भाडं चुकत नाही. एप्रिल उजाडला की तहसीलदार पाण्याच्या खाजगी विहिरी अधिग्रहित करतात, टँकरच्या खेपा ठरतात. ज्याच्या बोअरला पाणी आहे, त्याचा शब्द गावात आपोआप वजनदार होतो. पाणी हातात असणं म्हणजे सत्ता हातात असणं, हे इथे कुणाला चित्रपटातून शिकावं लागत नाही.

२०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरमध्ये पाणी भरण्याच्या जागांभोवती मार्चमध्ये जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं, कारण टँकरभोवती हाणामारी व्हायची भीती होती. एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं, पुढे पन्नास वाघिणी जोडल्या गेल्या. त्या वाघिणी राजस्थानातल्या कोटा इथल्या कारखान्यात साफ करून आणल्या होत्या. स्टेशनवर लोक गाडीचं स्वागत करायला जमले होते. पाणी हा रेल्वेने आणायचा माल होऊ शकतो, हे मराठवाड्याने उघड्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि जो माल असतो, त्याला मालकही असतो.

बोलिव्हियाची गोष्टही लेखकांनी हवेतून काढलेली नाही. तिथल्या कोचाबांबा शहराचा पाणीपुरवठा १९९९ मध्ये ‘आग्वास देल तुनारी’ या खाजगी कंपनीकडे गेला. अमेरिकेतल्या बेक्टेल या बड्या कंपनीचा त्यात हिस्सा होता. काही आठवड्यांत पाण्याची बिलं फुगली. लोकांनी वर्गणी काढून खोदलेल्या विहिरी आणि उभारलेल्या पाणी योजनाही आता कंपनीच्या ताब्यात जातील, अशी भीती पसरली. २००० च्या जानेवारीपासून माणसं रस्त्यावर उतरली. बुटांच्या कारखान्यातला कामगार नेता ऑस्कर ओलिवेरा आंदोलनाचा चेहरा बनला. एप्रिलमध्ये सरकारने आणीबाणी पुकारली, गोळीबारात सतरा वर्षांचा व्हिक्टर उगो दासा गेला, आणि अखेर करार रद्द झाला. कंपनीने कोट्यवधी डॉलरच्या भरपाईचा दावा लावला होता. जगभरातून दबाव आल्यावर २००६ मध्ये तो नाममात्र दोन बोलिव्हियानोंवर मिटला. इतका ताजा आणि रक्तबंबाळ संदर्भ असलेला खलनायक बाँडपटांत क्वचितच आला असेल. तरीही किरकोळ ठरला तो हाच.

यात आणखी एक थर आहे. बोलिव्हियाचं म्हणून दाखवलेलं वाळवंट हे प्रत्यक्षात चिलीतलं आताकामा आहे. आताकामाचा तो किनारी भाग एकोणिसाव्या शतकातल्या युद्धात चिलीने बोलिव्हियाकडूनच घेतला, त्यामुळे चिलीचं गाव बोलिव्हियाचं म्हणून दाखवलं जातंय याचा राग येऊन एक स्थानिक महापौर थेट चित्रीकरणात गाडी घुसवून आला होता. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. चिलीत १९८१ च्या जलसंहितेने पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडला. तो हक्क शेअरसारखा विकता येतो, विकत घेता येतो. म्हणजे कॅमेरा जिथे उभा होता, त्या मातीत ग्रीनला भूमिगत बांध घालायची गरजच नव्हती.

आपल्याकडे उलटं आहे आणि तेही ग्रीनच्या सोयीचंच. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार जमिनीखालचं पाणी गोळा करायचा आणि वापरायचा हक्क जमिनीच्या मालकाचा. जमीन घेतली की खालचं पाणी आलंच. वाळवंटाचा तुकडा मागणाऱ्या ग्रीनचा हिशेब नेमका हाच आहे. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवीन विहीर खोदण्यावर बंधन घातलं, २००९ च्या भूजल कायद्याने साठ मीटरपेक्षा खोल जाण्याला आळा घालायचा प्रयत्न केला. कायदे झाले. मशीन मात्र रात्री-अपरात्री कुणाच्याही शेतात लागलेलं दिसतं.

चित्रपटात चुका नाहीत असं माझं म्हणणं नाही. एका वाळवंटाच्या पोटात देशाचं साठ टक्के पाणी, ही कल्पना तपासली तर टिकत नाही. बोलिव्हियाचा पूर्वेकडचा मोठा भाग अॅमेझॉनच्या खोऱ्यात येतो आणि तिथे पाण्याचा तोटा नाही. सुरुवातीचा गार्डा सरोवराकाठचा मोटारींचा पाठलाग मी आजही नीट समजून पाहू शकत नाही. सिएना शहरातल्या घोड्यांच्या शर्यतीबरोबर गुंफलेला पाठलागही तसाच हातातून निसटतो. याचं कारण लपलेलं नाही. ५ नोव्हेंबर २००७ ला हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला. पॉल हॅगिसने पटकथेचा खर्डा संपाच्या तोंडावर कसाबसा हातावेगळा केला आणि पुढे त्याला हात लावायला लेखकच उरला नाही. जानेवारीत चित्रीकरण सुरू झालं, प्रदर्शनाची तारीख आधीच ठरलेली. क्रेग आणि फॉर्स्टर स्वतःच प्रसंग दुरुस्त करत बसले, हे क्रेगने पुढे मुलाखतीत सांगितलं. आधीचा बाँडपट ‘कॅसिनो रोयाल’ दोन तास चोवीस मिनिटांचा होता, हा एक तास शेहेचाळीस मिनिटांत संपतो. तोवरचा हा सर्वांत आखूड बाँडपट. पण संपामुळे जे उरलं नाही ते संवाद होते. जे उरलं ते पाण्याचं चित्र, आणि ते पुरेसं बोलकं आहे.

दोन प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहतो. पहिला ऑस्ट्रियातल्या ब्रेगेन्झचा. सरोवरातल्या रंगमंचावर ‘तोस्का’ हा ऑपेरा चालू आहे. प्रेक्षागृहात ठिकठिकाणी बसलेली उंची कपड्यांतली माणसं कानातल्या यंत्रांवरून बैठक घेतायत. बोलिव्हियाच्या पाण्याचा निर्णय संगीत ऐकता ऐकता होतोय. बाँड मध्येच बोलतो, माणसं दचकून उठतात आणि उठलेल्यांचे फोटो तो टिपतो. पाठोपाठ आलेली मारामारी बंदुकांच्या आवाजाशिवाय, नुसत्या गायनावर चालते. पाणी चोरणारे कुठे बसतात, हे इतकं नेमकं सांगणारा प्रसंग मला दुसऱ्या हेरपटात आठवत नाही.

दुसरा प्रसंग त्याहून छोटा. विवरातून बाहेर पडून बाँड आणि कॅमिल धुळीच्या वाटेने चालतायत. एका वस्तीत बाया-माणसं भांडी घेऊन पाण्यापाशी उभी आहेत, आणि धार बारीक होत होत थांबते. कुणी आरडाओरडा करत नाही. फॉर्स्टर कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर ठेवतो आणि पुढे जातो. पाश्चात्त्य समीक्षणांत या क्षणाची दखल घेतलेली मला फारशी दिसली नाही. मराठवाड्यातला प्रेक्षक तिथे थबकतो, कारण ती रांग त्याच्या ओळखीची आहे. आदिनाथ कोठारेचा ‘पाणी’ हा नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीची खरी गोष्ट सांगणारा मराठी चित्रपट पाहताना जे आत हलतं, त्याच जातीचं काहीतरी इथे काही सेकंद हलतं.

कॅमिलबद्दलही सांगायला हवं. ओल्गा कुरिलेन्कोने रंगवलेल्या या बाईचं कुटुंब मेद्रानोने मारलंय. तिला सूड हवाय, बाँडलाही हवाय. बाँडपटांची रीत मोडून दोघं प्रेमात पडत नाहीत, रात्र एकत्र घालवत नाहीत. दुखावलेली दोन माणसं एकमेकांना सोबत करतात आणि निरोप घेतात. तेलात बुडवून मारलेली एजंट फील्ड्स ही ‘गोल्डफिंगर’मधल्या सोनेरी प्रेताची आठवण म्हणून टीकेची धनी झाली. पण तेल पुढे करून पाण्यावरची नजर हटवायची, हीच तर ग्रीनची चाल होती. म्हणूनच बाँड शेवटी त्याला भर वाळवंटात सोडतो आणि हातात इंजिन ऑइलचा डबा देतो. पुढे त्याचं प्रेत सापडतं, पोटात तेल निघतं.

चित्रपटाने जगभरात अठ्ठावन्न कोटी डॉलरहून जास्त कमावले. पडला असं त्याला म्हणताच येत नाही. तरी निर्मात्यांनी टीकेचा धसका घेतला. चार वर्षांनी आलेला ‘स्कायफॉल’ घरगुती सुडाकडे वळला आणि त्याने शंभर कोटी डॉलर ओलांडले. २०१५ च्या ‘स्पेक्टर’ने ‘क्वांटम’ टोळीला जुन्या स्पेक्टर संघटनेची शाखा ठरवून विषयच मिटवला. जमिनीखालचे ते बांध फुटताना, त्या वस्तीत पाणी परत येताना मूळ चित्रपटातही दिसत नाही. बाँड आणि कॅमिलच्या निरोपाच्या वेळी त्या बांधांचा ओझरता उल्लेख तेवढा होतो. मेद्रानोने सही केलेल्या त्या दुप्पट दराच्या कराराचं पुढे काय झालं, हे क्रेगच्या उरलेल्या तीन चित्रपटांत एकदाही कुणी विचारत नाही.