हजेरीपटावर न दिसणारी हजेरी

ठाण्याजवळच्या एका कारखान्यात मी कार्मिक अधिकारी होतो. २६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या गोदामात गुडघाभर पाणी शिरलं. दुसऱ्या पाळीची माणसं अडकली आणि रात्रभर कच्च्या मालाची पोती माळ्यावर चढवत राहिली. कायम कोण, कंत्राटी कोण, हे त्या अंधारात कुणी विचारलं नाही.

दिवाळीत व्यवस्थापनानं कौतुक म्हणून चांदीची नाणी वाटली. यादी मी केली, कायम कामगारांच्या हजेरीपटावरून. कंत्राटदाराच्या माणसांची नावं त्यात नव्हतीच. त्यांच्या हाती मिठाईचा पुडा पडला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाणी चढू लागलं, तेव्हा त्यांच्यातला एक जण भोंगा होताच डबा उचलून निघाला. मी हटकलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, माझी पाळी संपली." त्यात उर्मटपणा नव्हता, हिशेब होता.

माणूस एखाद्या नोकरीत का टिकतो? जॉन मायर आणि नॅटली ॲलन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये याची तीन कारणं मांडली. मन रमतं म्हणून. सोडणं परवडत नाही म्हणून. किंवा सोडणं बरोबर नाही असं वाटतं म्हणून. एकाच माणसात ही तिन्ही कमीअधिक असतात. हजेरीपटावर सगळे सारखेच दिसतात. पण भोंगा झाल्यावरही पोती उचलायला थांबतो, तो बहुधा मन रमलेला माणूस.

केवळ पगारानं हे साधत नाही. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातून माणसं भराभर सोडून जात. जानेवारी १९१४ मध्ये त्यांनी रोजची कमाई पाच डॉलरपर्यंत नेली, पाळी आठ तासांची केली. गळती झपाट्यानं घटली. पण सुरुवातीला ही वाढ स्त्रियांना नव्हती आणि पुरुषांनाही सरसकट नव्हती; कामगार घरी कसा राहतो, हे पाहायला कंपनीचे तपासनीस जात. पुढे १९४१ मध्ये फोर्डच्या कामगारांनी संप केला, तेव्हा कुठे कंपनीनं त्यांच्या संघटनेशी करार केला. पैशानं पाय थांबतात. मन थांबेलच असं नाही.

शिवाय प्रत्येकाचं मन वेगळ्या गोष्टीनं बांधलं जातं. नव्या इंजिनिअरला शिकायला मिळायला हवं. लहान मूल घरी ठेवून येणाऱ्या बाईला पुढच्या आठवड्याची पाळी आधी कळायला हवी. निवृत्तीला आलेल्या फोरमनला नवं यंत्र घेताना कुणीतरी विचारायला हवं. आणि कंत्राटी माणसाला, आपण केलेलं काम कुणीतरी पाहिलं, एवढं कळायला हवं. सगळ्यांना एकच गोष्ट सारखी लागते: निर्णय न्यायाचा असावा आणि तो का घेतला, हे तोंडावर सांगितलं जावं.

पुढच्या दिवाळीत मी यादी करण्याआधी गोदामात गेलो, कोण कोण थांबलं होतं ते विचारलं आणि ती नावं वर पाठवली. मंजुरीही मिळाली. आदल्या वर्षीचं एक नाणंही मी मागून घेतलं होतं. ते मात्र देता आलं नाही. त्या माणसाचं कंत्राट तोवर संपलं होतं.