प्रायमर आधी, रंग मग

गाडीला ओरखडा पडला की आपण पहिलं विचारतो, "रंग मॅच होईल का?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न म्हणजे ओरखडा किती खोल गेलाय?

आमच्या सिंदेवाहीत हा पोटापाण्याचा मामला आहे. माझ्या मामाची काळी-पिवळी जीप मूलच्या रस्त्यावर चालते. बांबूच्या फांद्या घासतात, गिट्टी उडते आणि पावसाळाभर पत्रा धड वाळत नाही. दाराचा खालचा काठ आणि चाकावरची कमान आधी सडते. मग वेल्डिंग आलं, फिटनेसला अडचण आली, आणि गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली.

आजकालच्या कारच्या पत्र्यावर चार थर असतात. सगळ्यात खाली ई-कोट. सगळी बॉडी टाकीत बुडवून, विजेच्या साहाय्याने चढवलेला आणि भट्टीत भाजलेला. त्यावर प्रायमर सरफेसर, मग रंगाचा बेस कोट आणि वरून पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे दोन केसांएवढी जाडी!

आता ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर बहुतेक क्लिअर कोटच घासला गेलाय. रबिंग कंपाउंडने काम होतं, डबा आणायची गरज नाही. आत राखाडी प्रायमर शाबूत दिसत असेल तर नुसता रंग आणि क्लिअर पुरे. पण चकचकीत पत्रा किंवा तांबूस गंज दिसला, तर प्रायमरशिवाय पुढे जायचंच नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो वरचा रंग उचलत पुढे सरकतो. त्यावर रंग मारणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

प्रायमर कोणता? आमच्याकडे सगळ्यावर एकच औषध. मामा म्हणतो, "लाल प्रायमर मारून ठेवू, दिवाळीले पाहू." हा रेड ऑक्साइड फाटकं, ग्रिल यांच्यासाठी उत्तम. त्यावर लगेच सिंथेटिक इनॅमल मारलं तर जीपलाही चालतो. पण नुसता प्रायमर पावसात ठेवला तर ओल आत शिरते आणि दिवाळीपर्यंत खाली गंज तयार. शिवाय त्यावर कारचा एनसी किंवा टू-के रंग मारला, तर त्यातला कडक थिनर खालचा थर सुरकुतवतो. म्हणून कारच्या उघड्या पत्र्याला दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर बरा. महाग पडतो, पण पाणी अडवतो. पुटी भरायची तर त्याच्यावर भरा, आणि ती कोरडीच घासा, कारण पुटी पाणी पिते.

बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा. त्याला प्लास्टिक प्रायमर वेगळा लागतो, नाहीतर रंगाच्या पापड्या निघतात. पण प्लास्टिक गंजत नाही. खिशात पैसे नसतील (हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको!) तर बंपर खुशाल तसाच ठेवा, आधी पत्रा वाचवा.

रंगाचा कोड गाडीवरच्या प्लेटवर किंवा स्टिकरवर असतो. तरी उन्हात विटलेल्या गाडीला कोडचा ताजा रंग उठूनच दिसतो, म्हणून आधी टिनाच्या तुकड्यावर मारून बघा. काळ्या-पिवळ्यासारखा साधा रंग ब्रशने खपून जातो. मेटॅलिकमधले चमकीचे कण मात्र ब्रशने सारखे बसत नाहीत, ठिगळ दिसतंच. तिथे स्प्रे हवा. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. ते काम योग्य मास्क असलेल्या पेंटरकडेच द्या.

मुहूर्तही बघावा लागतो. दमट हवेत थिनर उडताना पत्रा गार होतो, त्यावर बाष्प बसतं आणि एनसी रंग पांढुरका पडतो. मे महिन्यात उलट. तापलेल्या पत्र्यावर रंग पसरायच्या आत वाळतो. आमच्याकडे हिवाळ्यातली दुपार चांगली, फक्त धानाची मळणी चालू असेल तिथून गाडी लांब न्या, नाहीतर ओल्या रंगावर कुसळं चिकटतात.

आणि दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक छिद्रं असतात. पुटी-रंगाने ती बुजली तर पावसाचं पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून गंजतो. रंग वाळायच्या आधी त्यांतून एक काडी फिरवून घ्या.