शेतातली खोली : आधी जोते, मग पत्रे

उन्हाळा सरत आला की आपल्या भागात शेतातल्या खोलीचा विषय निघतो. सोयाबीनचे बियाणे ठेवायचे असते, ज्वारीची पोती ठेवायची असतात, खत असते, अवजारे असतात. मग कोणी तरी येऊन मला विचारतो, "गुरुजी, पत्रा कोणता घेऊ?"

मी म्हणतो, "पत्र्याचे मागून बघू. आधी सांगा, खाली काय घालणार?"

यावर बहुतेक जण हसतात. "खाली काय घालायचंय गुरुजी? खाली जमीन हायेच की!"

वाचकहो, असेच मीही एकदा म्हणालो होतो. ते मला महागात पडले.

मी नोकरीत असताना शेतात दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी खोली बांधली. जागा बांधालगतची, काळ्या मातीची. वरचे गवत काढले, माती सपाट केली आणि तिच्यावरच शहाबादी फरशी अंथरली. खर्च वाचला म्हणून मी खूश होतो. पावसाळा लागला. काही फरशा वर आल्या, काही खचल्या. भिंतीला कोपऱ्यातून तिरकी भेग गेली. पुढे रब्बीच्या पेरणीला बियाण्याची पोती काढली, तर तळच्या थरातली ज्वारी बुरसलेली! वरून पत्रा एक थेंबही गळला नव्हता. ओल खालून आली होती. घरच्या मंडळींनी ती ज्वारी ओंजळीत घेऊन मला दाखवली. बोलल्या काहीच नाहीत. त्या साली बियाणे उसने आणावे लागले.

काळी आणि पांढरी

आपले वाडवडील शेतजमिनीला 'काळी' म्हणत आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणत. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचे, अशी त्यांची वाटणी होती. धान्याचे पेव खणायचे तेही घट्ट, कोरड्या जागी. घरातली कणगीसुद्धा भुईवर टेकवत नसत. खाली दगड, दगडांवर लाकडे, आणि त्यावर कणगी.

आता आपण खोली शेतात बांधतो, म्हणजे काळीवर बांधतो. आणि काळी एका जागी राहत नाही. पाणी प्याली की ती फुगते, वाळली की आकसते. चैत्रात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण पाहतोच. जी माती भेगाळते आणि पुन्हा मिटते, ती दर वर्षी वर-खाली होते. तिच्यावर ठेवलेली फरशी आणि भिंतही तिच्याबरोबर हलते.

मुरूम तसा नाही. तो पाण्याने फारसा फुगत नाही, आणि ठोकला की घट्ट बसतो. म्हणून काळीवर बांधताना मुरमाचा आधार घ्यावा.

आधी खड्डा खणून पाहा

जागा ठरली की तिथे पहारीने एक खड्डा घ्या. मुरूम किती खोल लागतो ते पाहा. माती ओळखायची असेल तर ओला गोळा तळहातावर वळा. काळीची बारीक, लांब वळी होते. मुरमाची वळी होत नाही, तो मोडतो.

हात-दोन हातांवर मुरूम लागला तर नशीब समजा. तेवढी काळी काढून टाका. काळी खोल असेल तर निदान तीन फूट माती काढून तिथे मुरूम भरा. खोल काळीवर विटांच्या भिंतींची जड खोली बांधायची असेल, तर मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय काम सुरू करू नका. तिथे खोल खांबांचा पाया लागतो.

जागा उंचवट्याची निवडा. नाल्याजवळ किंवा उकिरड्याजवळ नको. २०२५ सालच्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पुराचे पाणी कुठे कुठे शिरले, ते विसरू नका. मोठ्या झाडाच्या बुडाशीही खोली नको. मुळ्या मातीतले पाणी ओढतात, माती आकसते आणि जोते तडकते.

तीन प्रकारचे बूड

काय ठेवायचे आहे, त्यावरून बूड ठरवा.

पहिला प्रकार दगड आणि लाकडे. कडबा ठेवायला किंवा हलक्या मांडवाला हे पुरे. लाकडी खांब मातीत पुरू नका, वाळवी लागते. वाड्यात खांबाखाली तळखडा असतो, तसा सपाट दगड खाली द्या.

दुसरा प्रकार मुरमाचे जोते आणि वर फरशी. अवजारे, पाइप, मोटार, चार-दोन पोती यांना हे चांगले.

तिसरा प्रकार मुरमाचे जोते आणि वर काँक्रीट. वर्षाचे धान्य, बियाणे, खत ठेवायचे असेल तर हेच करा. एकदा हिशेब करून बघा. ज्वारीचे एक पोते एक क्विंटलचे धरले, तर पन्नास पोत्यांचे वजन पाच हजार किलो होते! एवढा भार कच्च्या भुईवर कसा टिकेल?

जोते कसे भरावे

मुरूम एकदम ओतू नका. सहा-सहा इंचांचा थर द्या. प्रत्येक थरावर पाणी शिंपडा आणि धुम्मसाने ठोका. धुम्मस टणटण वाजू लागले की पुढचा थर द्या. जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन फूट तरी उंच हवे. दहा बाय बाराच्या खोलीला एवढ्या उंचीसाठी २४० घनफूट, म्हणजे अडीच ब्रासच्या आसपास मुरूम लागतो. ठोकल्यावर तो बसतो, म्हणून तीन ब्रास आणा. खाली खणलेला भाग भरायला लागेल तो वेगळा.

मुरमावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा. खालची ओल त्याने अडते. त्यावर चार इंच काँक्रीट करा. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. एवढ्या खोलीला सात-आठ पोती सिमेंट लागते. मग आठ-दहा दिवस पाणी मारा. पाणी मारायचा कंटाळा केला तर सिमेंटचे पैसे वाया जातात.

जोत्याच्या चारी बाजूंनी दोन फूट रुंद, बाहेर उतरता कट्टा करा. पत्र्याच्या पागोळ्या त्यावर पडून पाणी लांब जाईल.

काँक्रीट झाले तरी पोती त्यावर टेकवू नका. खाली फळ्या घाला. भिंतीपासून हात-दीड हात जागा सोडा. सोयाबीनचे बियाणे नाजूक असते, त्याची थप्पी उंच लावू नका. खत आणि धान्य शेजारी ठेवू नका. फवारणीचे औषध तर या खोलीत नकोच.

१९९३ चा धडा

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपला जिल्हा विसरणार नाही. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. माणसे झोपेत होती. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे गेली. तिथल्या घरांच्या भिंती जाड होत्या. पण दगड मातीत रचलेले होते, एकमेकांत गुंतलेले नव्हते, आणि वर धाब्याच्या मातीचा मोठा भार होता. जाड म्हणजे मजबूत नव्हे. जे एकमेकांना बांधलेले असते ते मजबूत असते.

शेतातल्या खोलीतही माणूस दुपारी आडवा होतो, राखणीला रात्री झोपतो. म्हणून जोत्याचे दगड सिमेंटमध्ये बसवा. जोत्याच्या माथ्यावर चारी बाजूंनी लोखंडी सळया घालून काँक्रीटचा पट्टा करा. लोखंडी खांबांचे पाय काँक्रीटमध्ये पक्के करा. त्यामुळे वळवाच्या वाऱ्यातही शेड उडणार नाही.

ध्यानात ठेवा

आधी खड्डा, मग जोते, मग पत्रे.
काळी काढा, मुरूम भरा, थराथराने ठोका.
जोते उंच, पाणी लांब.
पोत्याखाली फळी.

माझ्या खोलीचे जोते मी पुढच्याच उन्हाळ्यात खणून पुन्हा भरले. दुप्पट खर्च आला. त्यानंतर मात्र घरच्यांनी ओंजळ भरून दाखवली ती खणखणीत ज्वारीची. तुम्ही हे काम पहिल्याच खेपेला नीट करा. पैसे कमी असतील तर पत्रा साधा घ्या, दार जुने लावा. पत्रा पुढे बदलता येतो. भरल्या खोलीखालचे जोते बदलता येत नाही.