फळा दिसतो का गं तुला?

जून उजाडला की आपल्या वस्त्यांमधून वह्यावाटपाची धांदल सुरू होते. विहारापुढे मांडव पडतो, पाहुण्यांचे हारतुरे होतात आणि एकेका मुलाचे नाव माईकवरून पुकारले जाते. काम चांगलेच आहे. फुले-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणा, असे आवाहन गेली काही वर्षे 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला केले जाते. चैत्यभूमीवर येणारे कष्टकरी बांधव पदरमोड करून वह्या आणतात. याबद्दल अभिमानच वाटतो.

पण मला आज सांगायचे आहे ते अशाच वाटपात मिळालेल्या एका वहीबद्दल.

आमच्या विहारात रविवारी मी मुलांचे गणित घेते. सातवीतल्या एका मुलीची वही तपासत होते. तिची रीत बरोबर, पाढे पाठ, तरी उत्तर चूक. नीट पाहिले तर उदाहरणच चुकीचे उतरवलेले. 3 चा 8 झालेला, 1 चा 7 झालेला. शाळेने तिला 'ढ' ठरवून मागच्या बाकावर बसवले होते. आई चार घरची धुणीभांडी करणारी. ती म्हणाली, "ताई, टी.व्ही. अगदी नाकाला लावून बघते. म्हणून मीच मारते तिला."

मी मुलीला विचारले, "फळा दिसतो का गं तुला?"

"सगळ्यांना दिसतो तसा दिसतो," ती म्हणाली.

आता सगळ्यांना कसा दिसतो हे त्या पोरीला कसे कळावे? या दोषाची हीच तर अडचण आहे. डोळा दुखत नाही, लाल होत नाही. लांबचे हळूहळू पुसट होत जाते आणि मूल समजते की जग असेच आहे. मग ते शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेते. बाई त्याला कॉपी म्हणतात.

महिला मंडळाच्या दोघीजणी तिला पालिकेच्या रुग्णालयात घेऊन गेल्या. नंबर निघाला उणे अडीच. चष्मा आला त्या संध्याकाळी ती वंदनेला बसली होती. समोरच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञांचा फलक आहे. लहानपणापासून ती त्याच्यासमोर बसते, प्रतिज्ञा तिला तोंडपाठ आहेत. त्या दिवशी बसल्या जागेवरून ती फलक वाचू लागली आणि मध्येच थांबून म्हणाली, "हे इथं लिहिलेलंय?"

आम्ही सगळ्याजणी गप्प झालो.

मग मंडळाने ठरवले की जयंतीच्या वर्गणीतून काही रक्कम चष्म्यांसाठी बाजूला काढायची. कमिटीतल्या काही बांधवांनी कुरकूर केली. डी.जे.च्या भाड्यावर कोणी कुरकूर केल्याचे मात्र मला आठवत नाही. असो. पैसे मिळाले आणि उत्साहाच्या भरात आम्हीही चूक केली. चष्मेवाटपाचा कार्यक्रम ठेवला, माईक लावला, फोटोवाला बोलावला. एका मुलाचे नाव तीनदा पुकारले, तो उठलाच नाही. घरी गेलो तर म्हणाला, "सगळ्यांसमोर आंधळा म्हणून नाव घेता." तेव्हापासून माईक बंद. चष्मा आता आईच्या हातात, घरी जाऊन दिला जातो. दान घेणाऱ्याची मान खाली जाणार असेल, तर आपण बाबासाहेबांकडून काय शिकलो?

बाबासाहेबांनाही मदतीचे हात लाभले होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांच्यातला विद्यार्थी ओळखला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना सयाजीराव गायकवाडांची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती होती. पुढे 1924 साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि 1925 मध्ये सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. तिथे मुलांच्या जेवणाची, कपड्यांची, लेखनसाहित्याची सोय होती. मूल रोज तिथेच राहायचे, म्हणजे त्याचे दुखणेखुपणे रोज कोणाच्या तरी नजरेस पडायचे. एका दिवसाच्या वाटपात ते होत नाही.

चष्म्याचेही तसेच आहे. दिला आणि झाले, असे नसते. वाढत्या वयात नंबर बदलतो, म्हणून दरवर्षी तपासणी हवी. काडी मोडते. पोरे 'चष्मिस' म्हणून चिडवतात, मग चष्मा दप्तरातच राहतो. "चष्मेवालीला कोण करून घेणार?" असे म्हणणाऱ्या आज्या आपल्याच घरात आहेत! म्हणून मंडळाने एक रजिस्टर घातले आहे. मुलाचे नाव, नंबर, तपासणीची तारीख, पुढची तारीख. दर पौर्णिमेला ते उघडायचे.

सगळा भार आपणच उचलायचा असेही नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याखाली सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आरोग्य पथकाने मुलांना तपासायचे असते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा. शाळकरी मुलांच्या मोफत चष्म्यांची तरतूद अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही आहे. पालकसभेला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना सरळ विचारा, पथक कधी आले होते आणि माझ्या मुलाच्या कागदावर काय लिहिले आहे. हा आपला हक्क आहे, मेहरबानी नव्हे.

आणि माता-भगिनींनो, घरी एवढे पाहा. मूल डोळे बारीक करून बघते का? पुस्तक नाकाशी धरते का? एक डोळा हाताने झाकला की रडते, चिडते का? शाळेतून येते ते कपाळ दाबतच का? मारण्याआधी डोळे तपासून घ्या.

ती मुलगी आता दहावीत आहे. परवा नवा नंबर काढून आली, उणे सव्वातीन. आईने विचारले, "ताई, हिचा जुना चष्मा धाकट्याला चालेल का हो? तोपण डोळे बारीक करतो." नाही चालत. त्याचे डोळे वेगळे, त्याचा नंबर वेगळा. येत्या रविवारी त्याला विहारात घेऊन यायला सांगितले आहे.